कथा किती, माहिती किती?

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त होती: कथा-कादंबऱ्या आणि माहितीपर पुस्तकं यांचा मेळ कसा घालावा? सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गाव किंवा तालुका दिला आहे.

प्रश्न (गुहागर तालुका): वाडीच्या मंडळाच्या खोलीत पुस्तकांचं कपाट सुरू करायचं आहे. गणपतीला आलेल्या मुंबईकरांनी 12,000 रुपये जमवून दिले. निम्म्या कादंबऱ्या, निम्मी माहितीची पुस्तकं असं ठरतंय. हे प्रमाण बरोबर आहे का?

उत्तर: निम्मं-निम्मं कागदावर छान दिसतं. पण कपाटासमोर उभा राहिलेला माणूस प्रकार बघून पुस्तक उचलत नाही. पुस्तक चाळताना तो नकळत बघतो ते हे, की आपल्याकडच्या वेळात यातलं काहीतरी पुरं होईल का. जेवणं उरकल्यावर ओटीवर अर्धा तास मिळणारी बाई, चिपळूणला कॉलेजात जाणारा मुलगा आणि भातलावणी आटोपल्यावर दुपार मोकळी मिळणारे आजोबा या तिघांचा वेळ वेगळा. चारशे पानांची सलग कादंबरी म्हणजे विनाथांबा एसटी. कथासंग्रह, व्यक्तिचित्रं, ललित लेख या दर फाट्यावर थांबणाऱ्या गाड्या. तुमच्या कपाटात दोन्ही हव्यात, आणि मेळ घालायचा तो या थांब्यांचा.

आता हिशेब. 12,000 पैकी 1,600 रुपये बाजूला काढा. त्यात दाखल नोंदवही, देवघेवीची वही, रबरी शिक्का, खाकी कागद आणि गोंद बसतं. उरलेल्या 10,400 रुपयांत सरासरी 260 रुपयांप्रमाणे चाळीस पुस्तकं होतात. मराठी साधी बांधणी आज बहुधा दोनशे ते चारशेच्या दरम्यान मिळते आणि वाचनालयाच्या लेटरहेडवर मागणी केली तर विक्रेते सवलत देतात. दोन ठिकाणांहून लेखी दर मागवा. एकाच विक्रेत्याला "तुम्हीच चांगली चाळीस पाठवा" असं सांगाल, तर त्याच्या गोदामात न खपलेली पुस्तकं तुमच्या वाडीत येतील.

आमची वाटणी अशी: कादंबऱ्या 12, त्यातल्या जाड (साडेतीनशे पानांच्या वरच्या) फक्त 4 आणि दोनशेच्या आतल्या 8. कथासंग्रह 7. आत्मचरित्रं, चरित्रं, आठवणी 8. प्रवास, निसर्ग, समुद्र, इतिहास मिळून 5. मुलांची 5. उरली 3 रोजच्या कामाची: आंबा-काजूची लागवड, घरगुती आरोग्य आणि सातबारा-फेरफार समजावणारं एखादं. ही शेवटची तीन कोणी आनंदासाठी वाचत नाही. पण त्यांच्यासाठी जो माणूस पहिल्यांदा कपाटापाशी येतो, तो जाताना कथासंग्रह घेऊन जातो, म्हणून ती हवीतच.

चुका नेहमी त्याच होतात. दोन खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड हरवला की दुसरा निव्वळ जागा अडवतो. म्हणून पहिल्या वर्षी खंडांची पुस्तकं घेऊच नका. देणगी म्हणून आलेली जुनी पाठ्यपुस्तकं, गाइडं, कोणाच्या तरी सत्काराचे गौरवग्रंथ नम्रपणे परत करा. आलेली पोती आधी अंगणात उघडा, कपाटाजवळ नको, कारण वाळवी आणि कसर पाहुणी म्हणून येते आणि मग जात नाही. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्या. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि एका ठरावीक आतल्या पानावर मारा, समजा 33 व्या. पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ओळख राहते.

शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवा. सहा महिन्यांनी ज्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही, ती पुस्तकं शेजारच्या वाडीच्या मंडळाशी अदलाबदलीला काढा. मात्र हा हिशेब शिमग्यानंतर किंवा मे संपल्यावर करा. चाकरमानी आणि त्यांची मुलं येऊन गेल्याशिवाय मुलांच्या पुस्तकांबद्दल काही ठरवू नका. दहा महिने पडून राहिलेलं पुस्तक मे महिन्यात चार घरं फिरतं.

प्रश्न (मालवण): कादंबरी मी दोन दिवसांत संपवते. इतिहास, चरित्र, प्रवास असलं काही घेतलं की पन्नासाव्या पानाशी पुस्तक मिटतं. माझ्यात दोष की पुस्तकात?

उत्तर: बहुतेक वेळा दोष सुरुवातीच्या पानांत असतो. आपल्याकडच्या माहितीपर पुस्तकांना प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश आणि दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना असं सगळं जोडलेलं असतं. चाळीस पानं तिथेच जातात, मग पन्नासाव्या पानावर दमायला होतं यात नवल नाही. प्रस्तावना शेवटी वाचा. ज्यानं पुस्तक वाचलंय त्यालाच ती खरी कळते.

दुसरं कारण वेगाचं. कादंबरीत नाव विसरलं तरी प्रसंग तुम्हाला ओढून नेतो. इतिहासात नाव विसरलं की पुढचं पान आंधळं होतं. त्यासाठी जाड कागदाची एक पट्टी खूण म्हणून ठेवा आणि तिच्यावरच माणसांची नावं लिहीत जा: नाव, कोणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या पानावर. दहा-बारा नावांपलीकडे सहसा गरज पडत नाही. एका बैठकीत वीस-पंचवीस पानं, आणि थांबायचं ते प्रकरणाच्या शेवटी नाही तर पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचून. नवं प्रकरण कोरं असलं की दुसऱ्या दिवशी पुस्तक उचलवत नाही. दोन पानं झालेली असली की धागा हातात राहतो.

सुरुवात कादंबरीच्या चालीनं जाणाऱ्या खऱ्या हकिगतीनं करा. कोकणातलंच उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हे पेण तालुक्यातल्या वरसईचे भिक्षुक. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल या आशेनं घरून निघाले आणि 1857 च्या बंडात सापडले. झाशीत वेढ्याच्या वेळी ते प्रत्यक्ष होते. चिं. वि. वैद्यांनी संपादून हे पुस्तक 1907 मध्ये छापलं. यात घटना मोठ्या आहेत, पण सांगणाऱ्याला काळजी आहे ती कर्जाची, सोवळ्याची आणि जीव वाचवून घरी पोचण्याची. म्हणून ते वाचवतं. शेजारी भारताचा साधा शालेय नकाशा उघडून ठेवा आणि महू, ग्वाल्हेर, झाशी, काशी एवढे ठिपके पेन्सिलीनं जोडा. अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच मिटतो.

उलट टोकाचं पुस्तक हवं असेल तर दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. 1956 सालचं, बारा महिन्यांवरचं. ते सलग वाचण्याचा अट्टहास करू नका. चैत्रात चैत्र, आषाढात आषाढ, दर महिन्याला एक लेख आणि मधल्या दिवसांत तुमच्या कादंबऱ्या चालू द्या. वर्षभर एक माहितीपर पुस्तक हातात राहतं आणि ते संपवण्याचं ओझं वाटत नाही.

एकाच घटनेवरची कादंबरी आणि इतिहास मात्र एकाच आठवड्यात वाचू नका. महिन्याभरानं कुठला संवाद कादंबरीकारानं रचला आणि कुठला प्रसंग कागदपत्रांत आहे, हे डोक्यात वेगळं राहत नाही. आमच्या मते आधी साक्षीदाराची हकिगत वाचावी आणि कादंबरी नंतर. कादंबरी आधी वाचली की खरा माणूस फिका वाटायला लागतो, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

प्रश्न (दापोली तालुका, शाळेचं ग्रंथालय): 'श्यामची आई' कादंबऱ्यांत ठेवावी की आत्मचरित्रांत? शिक्षकांमध्येच दोन तट आहेत.

उत्तर: तुमच्याच तालुक्यातल्या पालगडचं पुस्तक, तेव्हा तट पडणारच. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1935 मध्ये ते प्रसिद्ध झालं. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. आठवणी लेखकाच्या, पण सांगणारा 'श्याम' आणि रात्रींची मांडणी कथेची. म्हणजे तुमचे दोन्ही तट अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

पुस्तकाला जागा मात्र एकच मिळते, आणि ती मूल जिथे शोधेल तिथे हवी. पाचवी-सहावीतलं मूल आत्मचरित्रांच्या खणाकडे वळत नाही, म्हणून ते गोष्टींच्या खणात ठेवा. आत्मचरित्रांच्या खणात जाड पुठ्ठ्याचा पुस्तकाएवढा तुकडा उभा करा. त्यावर नाव आणि "गोष्टींच्या खणात पाहा" एवढं लिहा. अशा आठ-दहा पुठ्ठ्यांवर वर्षाचे वाद मिटतात.

त्याहून महत्त्वाचं काम ऐतिहासिक कादंबऱ्यांचं आहे. त्या कादंबऱ्यांतच ठेवा आणि पाठीवर, खालून चार सेंटिमीटरवर, एका रंगाची पट्टी लावा. मुलं निबंधात त्यातले संवाद इतिहास म्हणून उतरवतात, मोठी माणसं भाषणात. आठवी-नववीच्या मुलांना तीन गोष्टी तपासायला शिकवा. दोन माणसं बंद खोलीत बोलत असतील, तर ते लेखकाला कोणी सांगितलं? तारखा महिन्या-दिवसासकट आहेत की "एके दिवशी" एवढंच आहे? शेवटी साधनांची यादी आहे का, आणि असली तर मजकुरात तिचा उल्लेख कुठे येतो? एक तास पुरतो. कादंबरीची गोडी यानं कमी होत नाही. उलट लेखकानं किती रचलं हे कळल्यावर हुशार मुलं पुन्हा वाचायला घेतात.

प्रश्न (रत्नागिरी): आम्ही नऊ जण महिन्यातून एकदा जमतो. चौघांना फक्त इतिहास-राजकारण हवं, पाचांना कथा-कादंबरी. आळीपाळीनं पुस्तक ठेवलं तर ज्यांचं नाही ते न वाचता येतात आणि चहा पिऊन जातात.

उत्तर: आळीपाळी सोडा. महिन्याला विषय ठेवा आणि त्या विषयाची दोन पुस्तकं, एक रचलेलं आणि एक घडलेलं. विषय जवळचा आणि अरुंद हवा. 'समाज' किंवा 'निसर्ग' असा विषय ठेवलात की चर्चा वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर जाते. 'खाडी', 'खोती', 'मनीऑर्डर', 'घर बंद करून गेलेले' असे ठेवा.

'मनीऑर्डर' हा विषय उलगडून दाखवतो. कोकणातली कित्येक घरं मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या पैशावर चालली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. कथेच्या बाजूनं चाळीतल्या खोलीवर किंवा गावी राहिलेल्या बायकोवर लिहिलेल्या तीन-चार कथा निवडा. माहितीच्या बाजूनं गिरणी कामगारांच्या तोंडी आठवणी किंवा संपावरचं एखादं पुस्तक. आणि प्रत्येकानं घरातला एक कागद आणायचा: जुनी मनीऑर्डरची पावती, अंतर्देशीय पत्र, गिरणीचं ओळखपत्र. इतिहासवाल्या चौघांना आकडे मिळतात. कथावाल्या पाचांना असं दिसतं, की पावतीमागच्या दोन ओळींच्या जागेत माणसानं काय लिहिलं आणि काय गाळलं. दोघांनाही दुसऱ्याच्या पुस्तकाची गरज पडते. ती पडावी म्हणूनच दोन पुस्तकं.

बैठक दीड तासाची. पहिली दहा मिनिटं दोन्ही पुस्तकांतलं एकेक पान मोठ्यानं वाचायचं, म्हणजे न वाचून आलेलाही कामाला लागतो. मग प्रत्येक पुस्तकाला तीस मिनिटं. घडलेल्या पुस्तकाला पहिला प्रश्न: लेखकाला हे कुठून कळलं? रचलेल्याला: इथे गप्प कोण बसलंय? "आवडलं का" हा प्रश्न पहिल्या तासात विचारायचाच नाही. "आवडलं" म्हटलं की चर्चा संपते, "नाही आवडलं" म्हटलं की भांडण सुरू होतं. शेवटची वीस मिनिटं पुढच्या महिन्याच्या निवडीला.

प्रतींचा हिशेब आधी करा, मंडळं बहुतेक इथेच बुडतात. नऊ माणसं, एक प्रत, तीस दिवस म्हणजे प्रत्येकाला तीन दिवसांहून थोडे जास्त. यात दोनशे पानंही होत नाहीत. तीन प्रती असल्या तर माणशी दहा दिवस येतात. तुमच्या गावात 1828 पासूनचं जिल्हा नगर वाचनालय आहे, एक प्रत तिथली, दोन विकत, असं जमवा. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढू नका, तो लेखकाच्या हक्काचा (कॉपीराइटचा) भंग आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि पुढच्या 1 जानेवारीला सुटतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. अशी जुनी पुस्तकं विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावर मिळतात, ती छापून वाटायला हरकत नाही.

प्रश्न (वेंगुर्ला): सासऱ्यांना डोळ्यांमुळे वाचता येत नाही. रोज संध्याकाळी मी वाचून दाखवते, पण कादंबरी घेतली की ते पेंगतात. काय घ्यावं?

उत्तर: मोठ्यानं वाचताना मराठी साधारण मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द जातं. नेहमीच्या आकाराच्या पानावर तीनशेच्या आसपास शब्द असतात. म्हणजे पानाला तीन मिनिटं आणि वीस मिनिटांत सहा-सात पानं. या मापात पुरा होणारा मजकूर निवडा. कादंबरीत ते पेंगतात याचं कारण कंटाळा नसावा. संवादात कोण बोलतंय हे डोळ्यांना अवतरणचिन्हांवरून कळतं, कानांना कळत नाही. चार माणसं बोलायला लागली की ऐकणारा सुटतो. लांब संवाद आला की बोलणाऱ्याचं नाव तुम्हीच आधी घाला.

'मी' म्हणून सांगितलेल्या आठवणी कानाला सगळ्यांत सोप्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचायला फार गोड: वाक्यं बोलल्यासारखी, प्रसंग छोटे, आणि विनोद असा की पेंगणारा माणूसही दाद देतो. आठवड्यात चार दिवस आठवणी, दोन दिवस कथा, एक दिवस वर्तमानपत्रातला एखादा लांब लेख असं लावून बघा. कथा वाचण्यापूर्वी पात्रांची नावं सांगून टाका, शेवट मात्र सांगू नका! तळटिपा वगळा. मालवणी संवाद आले तर पुस्तक त्यांच्या हातात द्यायची गरज नाही. वाक्य तुम्ही वाचा आणि तुमचा हेल चुकला तर त्यांना दुरुस्त करू द्या. तेवढ्यानं झोप उडते.

ते स्वतः थोडं वाचू शकत असतील तर कमीत कमी 16 पॉइंटचा ठसा, मंद पिवळट कागद आणि डाव्या खांद्यामागून येणारा उजेड. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं, पण ओळ फार तुटते. टॅबलेट बरा.

प्रश्न (चिपळूण): पावसाळ्यात पुस्तकांना कुबट वास येतो आणि बुरशी धरते. कादंबऱ्या टिकतात, चित्रांची माहितीपर पुस्तकं मात्र वाया जातात. असं का?

उत्तर: कागदामुळे. कादंबरी बहुधा साध्या, खरखरीत कागदावर असते. तो पाणी पितो, फुगतो, पण वाळला की पानं सुटतात. पक्षी, मासे, किल्ले यांची रंगीत पुस्तकं आर्ट पेपरवर छापतात. त्या कागदाला चकाकीसाठी मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. ओलं झाल्यावर तो विरघळतो आणि पानाला पान चिकटतं. एकदा तसंच वाळलं की विटेसारखा ठोकळा होतो. मग ओढून सोडवायला गेलं की चित्रच उपटून येतं.

म्हणून चित्रांची पुस्तकं नेहमी वरच्या खणात. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर हे तुमच्या गावाला सांगायची गरज नाही. कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे, पुस्तकं खणात इतकीच दाटीनं की मधे बोट जाईल. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दुपारी, दारं उघडून तासभर पंखा. सततच्या पावसात दारं उघडी ठेवलीत तर बाहेरचा दमटपणा आत घेता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं असेल तर ते मे महिन्यात, पुस्तक खडखडीत कोरडं असताना, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. जूनमध्ये दमट पुस्तक पिशवीत घातलं की बुरशीची सोय होते. डांबरगोळ्या किड्यांना रोखतात, बुरशीला नाही. कडुनिंबाचा पाला ओला ठेवला तर तोच दमटपणा आणतो.

बुरशी धरलीच तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती कागदात आणखी खोल जाते. पुस्तक सावलीत पंख्याखाली कोरडं करा, बुरशीची पूड झाली की पडवीत नेऊन तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशनं बांधणीकडून कडेकडे झाडा. कडक उन्हात घातलंत तर कव्हर वाकतं आणि कागद पिवळा पडतो. पुस्तक पाण्यातच पडलं असेल तर 48 तासांच्या आत काहीतरी करायला हवं, त्यानंतर बुरशी सुरू होते. साध्या कागदाचं पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी पसरा, दर वीस पानांमागे टीपकागद किंवा कोरा कागद घाला आणि तो तीन-चार तासांनी बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. आर्ट पेपरचं असेल तर ओलं असतानाच एकेक पान सोडवून मधे कागद घाला. वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. त्यानं ते वाळत नाही, फक्त बुरशी थांबते आणि तुम्हाला आठवडाभर उसंत मिळते.

प्रश्न (अलिबाग): दरवर्षी तीन दिवाळी अंक घेते आणि तिन्ही अर्धे राहतात.

उत्तर: राहू द्या. अंक सलग वाचण्यासाठी नसतोच. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, कविता, लेख, चित्रं यांची सरमिसळ हेच त्याचं रूप आहे. अनुक्रमणिकेवर पेन्सिलीनं खुणा करा: नक्की, बघू, नको. एका बैठकीला एक कथा, एक लांब लेख, एक कविता. 'नको'वाल्या पानांबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तीन घरांनी तीन-तीन वेगळे अंक घेऊन फिरवले तर नऊ अंक होतात, आणि परत करायची तारीख असली की वाचूनही होतात. राशिभविष्याची पानं मात्र आधी कोण वाचणार ते ठरवून घ्या.

प्रश्न (श्रीवर्धन): अनुवादित कादंबरी चांगली की वाईट हे दुकानात कसं ओळखावं?

उत्तर: मुखपृष्ठामागच्या पानावर मूळ भाषा आणि अनुवाद कुठल्या भाषेवरून केला ते बघा. मल्याळम कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आली असेल तर दोन गाळण्यांतून आली आहे. मग मधलं एखादं संवादाचं पान हळू आवाजात वाचा. वर्णन बहुतेकांना जमतं. भांडण जमलं असेल तर पुस्तक घ्या.

प्रश्न (देवगड): अकरा वर्षांचा मुलगा फक्त मासे, जहाजं, अवकाश असली माहितीची पुस्तकं वाचतो. गोष्टी वाचायला लावाव्यात का?

उत्तर: लावू नका. तो वाचतोय, आणि बारकाईनं वाचतोय. या वयाच्या मुलाला गोष्टीत खटकतं ते हे, की त्यातलं जग चुकीचं असतं: मासे पापण्या मिटतात, भरतीच्या वेळी खडक उघडे असतात. तेव्हा गोष्ट द्यायची तर ज्याला समुद्र ठाऊक आहे अशा लेखकाची द्या, नाहीतर शोधकथा, जिथे पुरावा जुळवावा लागतो. माहितीच्या बाजूनं संशोधकांच्या कामाच्या हकिगती द्या. सलीम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच ते पुरं होतं, आणि मग तोच नर दुसरं विणायला घेतो. यात पात्रं आहेत, नकार आहे, पुढे काय हा प्रश्न आहे. यातला शब्द न् शब्द खरा असल्यामुळे तो हे वाचेल. एक वही द्या. गोष्टीच्या पुस्तकात समुद्राबद्दल सापडलेली प्रत्येक चूक पान क्रमांकासकट तिच्यात लिहायची. चुका शोधायला म्हणून तो किती कादंबऱ्या वाचतो ते चार महिन्यांनी आम्हाला कळवा.